केक ग्लूटेन-फ्री होता, टिन नव्हता

कॉलेजच्या कँटीनमध्ये वाढदिवस कसा साजरा होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अर्धा किलोचा केक, खायला पंधरा जण, कापायला एक प्लास्टिकची सुरी आणि त्यातलाही निम्मा केक बर्थडे बॉयच्या तोंडाला फासलेला. या गोंधळात कुणीतरी एक जण जरा मागे उभं असतं. केक पुढे केला की हसून म्हणतं, ‘नको रे, आत्ताच खाल्लंय.’

आमच्या ग्रुपमध्ये अशी एक मैत्रीण आहे. वर्षभर आम्हाला वाटत होतं, हिचं डाएट चालू असेल. मग तिच्याच वाढदिवसाला तिने डब्यातून राजगिऱ्याची चिक्की काढली आणि तीच ‘कापली’. तेव्हा कुठे आम्ही विचारलं आणि कळलं, की तिला सिलियाक डिसीज आहे. गहू तिला चालतच नाही. थोडासुद्धा नाही.

लॉकडाऊनमध्ये मी व्हिडिओ बघून बेकिंग शिकलो होतो. त्यामुळे अंगात जरा जास्तच उत्साह होता. म्हटलं, पुढच्या वाढदिवसाला केक मी करणार. मैदा नाही, रवा नाही, फक्त बदामाचं पीठ. दोनशे ग्रॅम बदाम एकेक करून सोलले, रात्रभर पंख्याखाली वाळवले, दळले, चाळले. केक मस्त झाला. तिने विचारलं, ‘नक्की ना?’ मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘हंड्रेड पर्सेंट!’ तिने दोन तुकडे खाल्ले.

त्या रात्रीपासून तिचं पोट बिघडलं ते दोन दिवस. त्यात तिची एक इंटर्नल बुडाली. मी डोक्यात रेसिपी पुन्हा पुन्हा तपासत होतो. बदाम, अंडी, साखर, लिंबाची साल. यात गहू कुठून आला? आणि मग आठवलं. केक चिकटू नये म्हणून टिनला बटर लावून वर चमचाभर मैदा भुरभुरला होता. पहिल्या दिवसापासून तसंच करत आलो होतो, त्यामुळे हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे गेला होता.

मी जाऊन तिला सांगितलं. ती ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, ‘पुढच्या वेळी त्यात काय घातलंस ते सांगू नकोस. कशाकशाला हात लावलास ते सांग.’

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. कारण ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द सध्या आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. कॅफेच्या मेन्यूत आहे, रील्समध्ये आहे, होम बेकर्सच्या बायोमध्ये आहे. बदामाचं पीठ वापरलं की काम झालं, असं मलाही वाटलं होतं. तसं ते होत नाही.

थोडं सायन्स, कंटाळू नका

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रोटीन. जव आणि राय या धान्यांमध्येही त्याच जातीची प्रोटीन्स असतात. कणकेत पाणी घालून मळली की ती ताणली जाते, पोळी न फाटता लाटता येते, पाव फुगतो आणि फुगलेलाच राहतो. ही सगळी ग्लूटेनची करामत. त्यात स्वतःमध्ये वाईट असं काही नाही.

सिलियाक असलेल्या माणसाच्या शरीरात मात्र हे प्रोटीन गेलं, की त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे. ते झिजून सपाट होत जातात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. ॲनिमिया, थकवा, हाडं ठिसूळ होणं, लहान मुलांची वाढ खुंटणं, असं काहीही होऊ शकतं. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार आहे. आपल्या देशात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत तो जास्त आढळतो. अनेकांचं निदानच झालेलं नसतं.

गव्हाशी असलेला हा संबंध ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा एरवी आजारी असणारी ही मुलं उलट सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. आजही यावर औषध नाही. उपाय एकच, जन्मभर ग्लूटेन बंद.

आणि एक महत्त्वाचं. हे वाचून ‘मलापण असंच होतं’ वाटलं, तर लगेच पोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर आतड्याची बायोप्सी करून निदान होतं. पण त्या काळात तुमच्या खाण्यात गहू असावा लागतो. नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

चमचाभराने काय होतं?

‘एवढ्याशाने काय होतंय’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य आहे. म्हणून हा हिशेब करून बघा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमानुसार पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं, तर एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. मैद्यात वजनाच्या साधारण आठ-दहा टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे मी टिनला लावलेल्या मैद्यातला, झटकून उरलेला फक्त एक ग्रॅम जरी केकला चिकटला असेल, तरी ८० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन त्यात गेलं. केक अर्धा किलोचा. किलोच्या मापाने झालं १६० मिलिग्रॅम. मर्यादेच्या आठपट! आणि हा केक मी ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणून दिला होता.

बदामाचं पीठ म्हणजे नेमकं काय

‘ब्लँच्ड आल्मंड फ्लोअर’ हे नाव ऐकून दबून जायची गरज नाही. बदाम गरम पाण्यात टाकून सालं काढायची, वाळवायचे आणि बारीक पूड करायची. बदामाचा हलवा नाहीतर बदाम कतली करणाऱ्या कुठल्याही घरात यातलं निम्मं काम वर्षानुवर्षं चालू आहे. वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन घरांमध्ये ईस्टरला मार्झिपॅनची अंडी करतात, तिथेही सोललेल्या बदामांची किंवा काजूची पूडच लागते. स्पेनमधला ‘तार्ता दे सांतियागो’ हा केक तर बदाम, अंडी आणि साखर यांवरच उभा आहे. त्यात पीठ नसतंच. ग्लूटेन-फ्रीची फॅशन येण्याच्या कितीतरी आधीपासून तो होतोय.

सालं का काढायची? सालीला किंचित तुरट-कडसर चव असते आणि तिचे तपकिरी ठिपके केकमध्ये दिसतात. सालीसकट दळलेली पूड जाडसर राहते. कुकीज किंवा ब्राउनीला ती चालते. पण हलका, पिवळसर, मऊ केक किंवा मॅकरॉन करायचं असेल, तर सोललेलेच बदाम हवेत.

घरी करायचं तर असं करा. पाणी खळखळून उकळू द्या, त्यात २२० ग्रॅम बदाम टाका, एक मिनिट ठेवा, लगेच निथळून गार पाण्यात घाला. चिमटीत दाबला की बदाम सालीतून टुणकन बाहेर येतो. (डोळा सांभाळा, अनुभवाचे बोल आहेत.) सुती कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी ओटीजीमध्ये १०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, रंग बदलू न देता कोरडे करा. पूर्ण गार होऊ द्या. मग मिक्सरमध्ये चमचा-दोन चमचे साखर घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलंत की तेल सुटतं आणि पिठाऐवजी बदामाचं बटर होतं. बदामात निम्मं वजन तेलाचंच असतं, विसरू नका. शेवटी चाळून घ्या, चाळणीत राहिलेलं पुन्हा फिरवा. तेलामुळेच हे पीठ बाहेर ठेवलं की खवट होतं. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

मैद्यासारखं वागवू नका

बहुतेकांचा पहिला केक इथे फसतो. रेसिपीतला मैदा काढून तितकंच बदामाचं पीठ घातलं, की केक मधोमध बसतो आणि तुपकट लागतो. कारण साधं आहे. या पिठात ग्लूटेनची जाळी नाही आणि तेल भरपूर आहे. तेव्हा बटर कमी करायचं किंवा वगळायचं, आणि केकला उभं ठेवायचं काम अंड्यांवर सोपवायचं.

सात इंची टिनसाठी २०० ग्रॅम बदामाचं पीठ, १५० ग्रॅम साखर (दळताना घातलेली यातूनच घ्या), ४ अंडी, एका लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ. अंडी आणि साखर फिकट होऊन फुलेपर्यंत फेटा, बाकीचं हलक्या हाताने मिसळा. टिनमध्ये तळाला आणि कडेला बटर पेपर. मैदा नाही! १६० ते १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. बदामाचं पीठ लवकर लाल होतं, म्हणून २० मिनिटांनी वर फॉइल टाका. बाहेर काढल्यावर केक टिनमध्येच गार होऊ द्या. गरम असताना तो फारच नाजूक असतो, उलटा केला की तुटलाच.

अंडं चालत नसेल तर? खरं सांगायचं, तर मग फक्त बदामाच्या पिठावर उंच केकचा हट्ट सोडा. कुकीज करा, बार करा. पावही नुसत्या बदामाच्या पिठाचा होत नाही. त्याला दुसरी पिठं आणि काहीतरी चिकट लागतं. घरोघरी पोटासाठी ठेवलेला इसबगोल इथे उपयोगी पडतो. परदेशातल्या रेसिपींमध्ये ‘सायलियम हस्क’ म्हणतात, तो हाच.

आणि खर्च? माझ्या वाण्याकडे २०० ग्रॅम मैदा दहा रुपयांच्या आसपास पडतो, तेवढ्याच बदामांना दोनशेच्या जवळपास जातात. म्हणून सिलियाक असलेल्या माणसाला रोज बदामाचं पीठ खा असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्याची गरजही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, बेसन, राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा, यातल्या कशातच ग्लूटेन नाही. आपलं निम्मं स्वयंपाकघर आधीच ग्लूटेन-फ्री आहे. बदामाचा केक वाढदिवसापुरता.

गहू कुठे कुठे लपतो

पण ‘निम्मं’ म्हटलं ते उगीच नाही. मैत्रिणीने मला नंतर एक यादी सांगितली. ऐकून मी गप्प झालो.

रवा म्हणजे गहू. शेवया आणि दलियाही बहुतेक वेळा गव्हाचेच. हे आपल्याला माहीत असतं, पण ‘मैदा नाही, रवा आहे’ असं सांगून केक देणारे तिला भेटलेत. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर लिहिलेलं असतं, वाचतो कोण? त्यामुळे कांदेपोहेसुद्धा विचारून खावे लागतात. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत मूठभर गहू पडतोच. ओट्समध्ये गव्हाची भेसळ झालेली असू शकते. बटाटेवडा बेसनाचा, पण तळला त्याच तेलात, ज्यात आधी सामोसे तळले. आणि गिरणी! ज्वारी कितीही शुद्ध असू दे, आधी कुणाचे तरी गहू दळलेल्या जात्यातून ती गेली, की संपलं. तिच्या घरी त्यासाठी वेगळी घरघंटी आहे.

आता आपल्या बेकिंगकडे या. मिक्सरचं भांडं, चाळण, लाकडी चमचा, परात, ओटीजीची जाळी. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या भेगांत पीठ अडकून राहतं, ते नीट धुतलं जात नाही. ओट्यावर मैदा उडालेला असतो, तो दिसतही नाही. म्हणून सिलियाक असलेल्या कुणासाठी करणार असाल, तर चाळण आणि चमचा वेगळा ठेवा, ओटा ओल्या फडक्याने पुसा, त्या दिवशी घरात मैद्याला हातच लावू नका. नवीन बटर उघडा. जुन्या डब्यात टोस्टचा चुरा असतोच. विकतचं बदामाचं पीठ घेतलंत, तर फक्त ‘आल्मंड’ बघून खूश होऊ नका. पाकिटावर ग्लूटेन-फ्रीचा उल्लेख आहे का ते बघा, कारण त्याच यंत्रावर आधी काय दळलं, ते आपल्याला दिसत नाही.

ट्रेंडवाल्यांना एक विनंती

आपल्यापैकी बऱ्याच जणांना सिलियाक नाही, तरी ‘मी ग्लूटेन-फ्री आहे’ म्हणायला आवडतं. खायचं नसेल तर नका खाऊ, तुमचं पोट, तुमची मर्जी. काहींना गहू खरंच त्रास देतो, तेही मान्य. पण बदामाचा केक वजन कमी करतो, हे डोक्यातून काढा. १०० ग्रॅम बदामात साधारण ५८० कॅलरीज असतात, मैद्यापेक्षा कितीतरी जास्त. साखर तर तेवढीच.

खरा त्रास वेगळाच आहे. तुम्ही हॉटेलात वेटरला बजावून सांगता, ‘ग्लूटेन-फ्री हं, नक्की,’ आणि पाच मिनिटांनी मित्राच्या ताटातला नानचा तुकडा मोडून खाता. वेटर ते बघतो. असे चार जण बघितले, की पाचव्यांदा माझी मैत्रीण तेच वाक्य म्हणते, तेव्हा तो मनात म्हणतो, ‘चला, अजून एक नखरा.’ आणि त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने तिचं ऑर्डर येतं. तुमची फॅशन तिला अशी महागात पडते. ‘मला गहू नको’ आणि ‘मला गहू चालतच नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपलं जे खरं असेल, तेच म्हणूया.

आणि इन्स्टावर बेकिंगचं पेज चालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. मैद्याचा ब्राउनी आणि बदामाचा केक एकाच ओट्यावर होत असेल, तर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहू नका. ‘मैदा न वापरता केलेला, पण याच स्वयंपाकघरात गहू वापरतो’ असं सरळ लिहा. दोन ऑर्डरी जातील कदाचित. पण ज्याला सिलियाक आहे, तो तुमच्यावर कायमचा विश्वास ठेवेल. ‘यात बदाम आहे’ हेही ठळक लिहा, कारण नट्सची ॲलर्जी असलेल्यांसाठी हाच केक धोक्याचा आहे. घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, तेव्हा नियम माहीत असणं हा तुमच्या धंद्याचाच भाग आहे.

कॉलेजांकडेही एक मागणं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कँटीनच्या फळ्यावर पदार्थाच्या नावापुढे ‘गहू आहे’, ‘गव्हाच्या पदार्थांसोबत तळलेलं’ एवढं खडूने लिहायचं. स्टुडंट कौन्सिलने मनावर घेतलं तर आठवड्यात होईल. आपण फेस्टसाठी स्पॉन्सर शोधत गावभर फिरतो. हे तर आपल्याच कँटीनमध्ये आहे.

माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस या वर्षी पुन्हा आला. मी पुन्हा बदाम सोलले. नवीन चाळण घेतली, टिनला बटर पेपर लावला, मिक्सरचं भांडं तिच्या घरून आणलं. केकसोबत तिला एक चिठ्ठी दिली. त्यात रेसिपी नव्हती. कशाकशाला हात लावला, त्याची यादी होती. तिने ती शांतपणे दोनदा वाचली, एक प्रश्न विचारला (‘साखरेच्या डब्यात चमचा कुठला होता?’) आणि मग एक तुकडा घेतला.

एकच घेतला. दोन नाही. विश्वास परत यायला वेळ लागतो, ते मला मान्य आहे. तुमच्या ग्रुपमध्ये पुढच्या वाढदिवसाला कुणी ‘नको रे, आत्ताच खाल्लंय’ म्हणालं, तर आग्रह करण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारा.